सेव्हची प्रत कुणाच्या ताब्यात?

प्लेस्टेशन 5 वर ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ हा खेळ दोन रूपांत खेळता येतो. एक 2020 सालची प्लेस्टेशन 4 ची आवृत्ती आणि दुसरी 2021 मध्ये खास प्लेस्टेशन 5 साठी आलेली. बेट तेच आणि नायक जिन साकाईही तोच. फरक कळतो तो सेटिंग्जमध्ये जाऊन सेव्ह डेटाचे पान उघडल्यावर. प्लेस्टेशन 4 च्या सेव्हपुढे यूएसबी ड्राइव्हवर कॉपी करण्याचा पर्याय आहे. प्लेस्टेशन 5 च्या सेव्हपुढे तो नाही; क्लाउडवर चढवा, क्लाउडवरून उतरवा किंवा पुसून टाका, एवढेच. सगळ्या कन्सोलचा एकगठ्ठा बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर घेता येतो, पण तो परत भरायचा तर कन्सोल आधी पूर्ण पुसला जातो. एका खेळाचा एक सेव्ह उचलून पेन ड्राइव्हवर ठेवायची साधी सोय गेली आहे.

मोठा खेळ पुरा करायला साठ-सत्तर तास सहज लागतात, आणि ते सगळे तास काही एमबींच्या फायलीत बसलेले असतात. डिस्क हरवली तर दुसरी मिळते. कन्सोल बिघडला तर पैसे साठवून नवा घेता येतो. सेव्ह मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. खेळ कंपनीने बनवला हे खरे, पण त्यातले गाव कसे वसवले, कुणाला जगवले, कुठल्या वाटेने गेलो हे खेळणाऱ्याचे काम आहे. म्हणून त्याची प्रत खेळणाऱ्याला स्वतःजवळ ठेवता आलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कन्सोलच्या इतिहासात ही सोय हळूहळू आली, काही वर्षे छान रुळली आणि आता एकेक करून काढून घेतली जात आहे. ते का, आणि जे हातात उरले आहे ते कसे जपायचे, याचा हा आढावा.

आपल्याकडे टीव्हीला जोडून जे व्हिडिओ गेम खेळले जात, त्यांच्या बहुतेक कॅसेटींत सेव्हचा प्रश्नच नव्हता. लाइट गेली की पहिल्या लेव्हलपासून. जपानमध्ये 1986 साली आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने खेळ थांबवताना लांबलचक पासवर्ड दाखवायला सुरुवात केली, तो वहीत उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की सगळे मुसळ केरात. पण वही आपली होती. दोन वह्यांत लिहिला तर दोन प्रती झाल्या, आणि कंपनीची परवानगी लागली नाही. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची 1987 मधली अमेरिकन कार्ट्रिज या वहीतून सुटका करणारी ठरली. तिच्या आत बटनासारखा सेल होता आणि त्या सेलच्या जोरावर छोटी मेमरी चिप जागी राहत असे. सोय मोठी होती, पण सेल संपला की सेव्ह गेला, आणि दुसरी प्रत काढायला वाटच नाही. ‘पोकेमॉन गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या 1999 च्या कार्ट्रिजांत तोच सेल आतले घड्याळही चालवतो, त्यामुळे त्या आधी दगावतात. ज्यांच्याकडे त्या अजून असतील त्यांनी त्यांतल्या सेव्हच्या भरवशावर राहू नये.

मेमरी कार्डांचा काळ त्यानंतरचा. निओ जिओने ती 1990 मध्ये आणली, पण घरोघरी पोचवली ती प्लेस्टेशनने. त्याच्या कार्डात 128 केबी जागा, म्हणजे वापरायला 15 ब्लॉक. कार्ड खिशात टाकून मित्राकडे जायचे आणि आपला संघ त्याच्या यंत्रावर उतरवायचा, हे तेव्हाच्या मुलांना सहज जमत होते. प्लेस्टेशन 2 चे कार्ड 8 एमबींचे झाले. योगायोग असा की ज्या 2000 साली हा कन्सोल निघाला त्याच वर्षी आयबीएमच्या नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या पेन ड्राइव्हची क्षमताही 8 एमबीच होती. दोन्हींच्या पोटात एकच वस्तू होती, ती म्हणजे तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात शोधलेली फ्लॅश मेमरी. पेन ड्राइव्ह कुठल्याही संगणकाला लागत होता. सोनीच्या कार्डावर मॅजिकगेट नावाचे कुलूप होते. प्लेस्टेशन 2 च्या दर्शनी बाजूला दोन यूएसबी पोर्ट असूनही त्यांतून सेव्ह बाहेर काढायची सोय सोनीने दिली नाही. पुढची सगळी कथा याच कुलपाभोवती फिरते. जागा, वेग, किंमत हे प्रश्न सुटत गेले, कुलपाचा प्रश्न राहिला.

ते सर्वांत मोकळे झाले प्लेस्टेशन 3 वर. 2006 साली आलेल्या या यंत्रात हार्ड डिस्क होती आणि पेन ड्राइव्ह लावून सेव्हची कॉपी काढणे लहान मुलालाही जमेल इतके सोपे होते. गेमच्या रकान्यात जाऊन सेव्ह डेटा युटिलिटी उघडायची, हवा तो सेव्ह निवडायचा, त्रिकोणाचे बटण दाबायचे आणि कॉपी म्हणायचे. नंतर तो पेन ड्राइव्ह संगणकाला लावला की आत ‘पीएस3’ नावाचा फोल्डर, त्यात ‘सेव्हडेटा’ आणि त्यात प्रत्येक सेव्हचा वेगळा फोल्डर दिसतो. खेळाचे चित्र साध्या पीएनजी फायलीत असते, शेजारी ‘पॅरॅम’ नावाच्या दोन छोट्या फायली असतात. त्यांतल्या एकीत खेळाचे नाव आणि सेव्ह कधीचा वगैरे तपशील, दुसरीत फायलीत कुणी ढवळाढवळ केली आहे का हे ओळखणारी खूण. आतला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, पण फोल्डर उचलून संगणकावर तारखेसह ठेवता येतो. एवढे पुरेसे आहे.

फोल्डरच्या नावातही शिकण्यासारखे आहे. ‘बीएलईएस’ने सुरू होणारे नाव म्हणजे युरोपीय आवृत्तीची डिस्क, ‘बीएलयूएस’ म्हणजे अमेरिकन. भारतात दुकानांतून मिळणाऱ्या डिस्क बहुतेक युरोपीय आवृत्तीच्या होत्या. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या मावशीने आणलेली डिस्क अमेरिकन. खेळ एकच असला तरी एकीवर केलेला सेव्ह दुसरीला सहसा दिसत नाही, कारण यंत्र फोल्डरचे नाव बघते. आपला सेव्ह करप्ट झाला असे समजून अनेकांनी चांगला सेव्ह पुसला असेल. म्हणून डिस्क विकताना किंवा बदलून घेताना तिच्यावरचा क्रमांक टिपून ठेवावा.

एक्सबॉक्सची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 2001 च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये हार्ड डिस्क आतच होती. 2005 च्या एक्सबॉक्स 360 ने ती काढता येण्याजोगी केली, सोबत 64 एमबींची छोटी मेमरी युनिटही विकली. एप्रिल 2010 च्या अपडेटने साधा पेन ड्राइव्ह चालू लागला. तेव्हा किमान 1 जीबी आणि कमाल 16 जीबीपर्यंत जागा वापरता येत होती, आणि सेव्हच काय, प्रोफाइलसुद्धा त्यावर नेता येत होते. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून कोल्हापूरला आतेभावाकडे जाणाऱ्याला एवढी एक वस्तू खिशात पुरे. फरक इतकाच की हा पेन ड्राइव्ह संगणकाला लावला की खेळांची नावे दिसत नाहीत, ‘डेटा’ नावाच्या मोठमोठ्या फायलींचा गठ्ठा दिसतो. तो गठ्ठा अख्खा उचलून ठेवायचा आणि परत भरायचा तर अख्खाच.

काढता येणाऱ्या हार्ड डिस्कचे महत्त्व या यंत्राने वेगळ्याच प्रकारे दाखवून दिले. त्याचे लाल दिवे लागून बंद पडण्याचे प्रमाण इतके होते की 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. यंत्र गेले तरी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली की सेव्ह शाबूत. प्लेस्टेशन 3 चे तसे नाही. त्याची हार्ड डिस्क बाहेर काढायला सोपी आहे, पण तिच्यावरची माहिती त्या एका यंत्राच्या किल्लीने बंद केलेली असते. बोर्ड गेला की डिस्क धडधाकट असूनही दुसऱ्या प्लेस्टेशन 3 ला ती वाचता येत नाही; तो फक्त फॉर्मॅट करायला सांगतो. जुना कन्सोल दुरुस्तीला नेणाऱ्याला हे आधी माहीत असायला हवे. डिस्क वाचली म्हणून सेव्ह वाचला असे या यंत्राच्या बाबतीत होत नाही. पेन ड्राइव्हवरची प्रत नसेल तर सगळे त्या बोर्डाबरोबर जाते.

आता कुलपांकडे. या मोकळ्या काळातही सगळे सेव्ह कॉपी होत नव्हते. प्लेस्टेशन 3 वर काही खेळांच्या निर्मात्यांनी सेव्हवर कॉपीबंदीची खूण लावली होती. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर सेव्ह एसडी कार्डवर जात, पण ‘मारिओ कार्ट वी’ आणि ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ यांचे जात नसत. यामागची कारणे खोटी नाहीत. ऑनलाइन स्पर्धेच्या खेळात गुण आणि क्रमवारी सेव्हमध्ये असेल तर हरल्यावर जुना सेव्ह परत भरून हार पुसता येते. मौल्यवान वस्तू मित्राला देऊन मग जुना सेव्ह भरला की वस्तू दोघांकडे. ट्रॉफी आल्यावर दुसऱ्याचा सेव्ह उतरवून फुकटची शाबासकी मिळवणारेही निघाले.

आणखी एक कारण कंपन्या मोठ्याने सांगत नाहीत, पण ते सर्वांत जड आहे. बाहेरून आलेला सेव्ह म्हणजे बाहेरून आलेली माहिती, आणि ती यंत्र विश्वासाने वाचते. 2008 मध्ये वीवर गाजलेला ‘ट्वायलाइट हॅक’ याचा नमुना. ‘झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये घोडीचे नाव ठेवता येते. कुणीतरी एसडी कार्डवरच्या सेव्हमध्ये ते नाव बेताबाहेर लांब लिहिले. खेळाने लांबी तपासली नव्हती, त्यामुळे जास्तीचा मजकूर मेमरीत भलत्या ठिकाणी सांडला आणि यंत्र त्यातल्या आज्ञा पाळू लागले. त्याआधी पहिल्या एक्सबॉक्सचेही कुलूप अशाच बनवलेल्या सेव्हनी उघडले होते. कंपन्यांनी यातून धडा घेतला की सेव्हची वाट म्हणजे चोरवाट.

हे मान्य करूनही माझे म्हणणे बदलत नाही. स्पर्धेच्या खेळांची गुणसंख्या सर्व्हरवर ठेवता येते, आणि आज बहुतेक ठिकाणी ती तशीच असते. चोरवाटेचे उत्तर डिजिटल सही आणि सेव्हची खात्याशी बांधणी हे आहे, आणि ते प्लेस्टेशन 4 ने व्यवस्थित देऊन दाखवले. त्याचा सेव्ह पेन ड्राइव्हवर येतो, पण ज्या खात्याने केला त्याच खात्याला तो उघडतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: खाते गेले तर ती प्रत निरुपयोगी. तरीही कन्सोल चोरीला गेला, जळाला, पाण्यात भिजला या सगळ्या प्रसंगी ती उपयोगी पडते, आणि घरी बिघडतात ती मुख्यतः यंत्रे. एकट्याने खेळायच्या गोष्टीरूप खेळाचा सेव्ह अडवून कुणाचे भले होते, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे दिसलेले नाही. एकच व्यवहारी उत्तर उरते, ते वर्गणीचे.

प्लेस्टेशनवर क्लाउडवरची जागा 2011 पासून प्लस या सशुल्क योजनेच्या सदस्यांना मिळू लागली. निन्टेन्डोने सप्टेंबर 2018 मध्ये स्विचसाठी तीच सोय सशुल्क सदस्यत्वात घातली. स्विचचा सेव्ह यंत्राच्या आतल्या मेमरीतच राहतो. मायक्रोएसडी कार्डावर खेळ जातात, स्क्रीनशॉट जातात, सेव्ह जात नाही. डॉकला यूएसबी पोर्ट आहेत, तेही या कामाचे नाहीत. म्हणजे क्लाउड नसेल तर दुसऱ्या स्विचवर हलवणे हाच उपाय, आणि हलवणे म्हणजे प्रत काढणे नव्हे. ‘स्प्लॅटून 2’सारख्या काही खेळांना तर क्लाउडही नाही. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ मार्च 2020 मध्ये आला, टाळेबंदीत जगभर लोकांनी त्यात रोज जाऊन आपापली बेटे सजवली, आणि त्या बेटांचा बॅकअप घेण्याची वेगळी सोय आली जुलैअखेर. चार महिने ती बेटे एका यंत्राच्या भरवशावर होती.

मायक्रोसॉफ्टचे इथे कौतुक केले पाहिजे. 2013 च्या एक्सबॉक्स वनपासून सेव्ह आपोआप आणि फुकट क्लाउडवर जातो. पेन ड्राइव्हवर सुटा सेव्ह काढता येत नाही ही उणीव आहेच, पण निदान वर्गणी थकली म्हणून कुणाचा सेव्ह अडत नाही.

वर्गणी थकणे ही आपल्याकडे केवळ कल्पना नाही. 1 ऑक्टोबर 2021 पासून आवर्ती पेमेंटचे रिझर्व्ह बँकेचे नियम लागू झाले आणि परदेशी सेवांची कार्डावरून आपोआप होणारी वसुली बऱ्याच जणांची थांबली. स्विच तर भारतात बहुतेक आयातदारांकडूनच मिळत आला, त्याची वर्गणी दुसऱ्या देशाच्या खात्यावरून भरायची. निन्टेन्डोच्या नियमाप्रमाणे सदस्यत्व संपल्यावर 180 दिवसांत परत घेतले तर क्लाउडवरचा सेव्ह मिळतो. दहावी-बारावीच्या वर्षी कन्सोल माळ्यावर ठेवणाऱ्या घरात 180 दिवस कधी उलटले हे कळतही नाही.

शिवाय क्लाउड जे करतो ते बहुधा जुळवणी असते. यंत्रावर जे आहे तेच वर जाते. धाकट्या भावाने नवा खेळ सुरू करून जुन्यावर सेव्ह केला की थोड्या वेळात वरही तोच नवा सेव्ह. गेल्या महिन्याची स्थिती परत हवी असेल तर तारीखवार ठेवलेली प्रतच लागते, आणि ती पेन ड्राइव्हवरून संगणकावर उतरवून आपली आपणच ठेवावी लागते. पेन ड्राइव्हवर पुन्हा कॉपी केली तर तिथेही जुनी पुसली जाते, म्हणून संगणकावर दर वेळी वेगळा फोल्डर करावा.

सोनीने प्लेस्टेशन 5 च्या सेव्हला ही वाट परत द्यावी आणि निन्टेन्डोने ती स्विचवर उघडावी, असे मला मनापासून वाटते. यासाठी नवे तंत्रज्ञान शोधायचे नाही. स्पर्धेचे खेळ खुशाल वगळा, खात्याची बांधणी ठेवा, पण बाकीच्या सेव्हना बाहेर पडू द्या.

राहिला खुद्द पेन ड्राइव्ह. वस्तू उत्तम आहे, पण तिला अमर समजू नये. फ्लॅश मेमरीत माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार. वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला तर तो झिरपत जातो, आणि उष्णतेत लवकर. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा टीव्हीमागे तापणाऱ्या कोपऱ्यात तो ठेवू नये. वर्षातून एकदा त्यातले सगळे संगणकावर उतरवून, पेन ड्राइव्ह फॉर्मॅट करून पुन्हा भरावे.

बनावट क्षमतेचे पेन ड्राइव्ह हा त्याहून जवळचा धोका. आत 8 जीबीची चिप आणि बाहेर सांगणे 128 जीबीचे. कन्सोल कॉपी करतो, नावे दिसतात, सगळे ठीक वाटते. परत भरायला गेलो की कळते की खऱ्या जागेपलीकडचे सगळे कचरा आहे. लॅमिंग्टन रोडवरून घ्या, तापकीर गल्लीतून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, घरी आणल्यावर एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 या मोफत प्रोग्रॅमने तो काठोकाठ भरून परत वाचून बघा. मोठा घेण्याची गरजही नाही. सेव्ह छोटे असतात, नामांकित कंपनीचा 16 किंवा 32 जीबीचा पुरेसा होतो, आणि त्यात आणखी एक फायदा आहे. 64 जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह सहसा एक्सफॅट पद्धतीने फॉर्मॅट होऊन येतात आणि प्लेस्टेशन 3 ला फक्त फॅट32 कळते. नवा कोरा ड्राइव्ह लावला आणि कन्सोलने ओळखलाच नाही, या तक्रारीचे कारण बहुधा हेच निघते. प्लेस्टेशन 4 आणि 5 ला दोन्ही चालतात.

विजेचा प्रश्न आपल्याला सांगायला नको. भारनियमनाच्या वर्षांत सेव्ह होत असतानाच लाइट जाण्याने कितीतरी सेव्ह उडाले. कॉपी करताना गेली तर पेन ड्राइव्हवरची यादीच बिघडते आणि आधीच्या प्रतीही दिसेनाशा होतात. इन्व्हर्टर नसेल तर पाऊस-वाऱ्याच्या दिवशी हे काम काढू नये.

जुन्या यंत्रांचे काम निकडीचे आहे. प्लेस्टेशन 3 घरात असेल तर कॉपी होणारे सेव्ह आधी पेन ड्राइव्हवर घ्यावेत. कॉपीबंदी असलेल्यांसाठी सिस्टम सेटिंग्जमधली बॅकअप युटिलिटी आहे, पण तो बॅकअप त्याच यंत्रावर परत भरता येतो. दुसरा प्लेस्टेशन 3 मिळाला तर डेटा ट्रान्सफर युटिलिटीने, दोन्हींमध्ये लॅन केबल जोडून, कुलूपबंद सेव्हही हलवता येतात, मात्र त्यासाठी जुना चालू हवा. बोर्ड जाण्याआधी हे करायचे आहे.

प्लेस्टेशन 2 ची कार्डे आपल्याकडे अजून कपाटांत पडून आहेत, कारण तो कन्सोल भारतात फार काळ विकला गेला. त्याच्यावर भारतात बनलेले खेळही आले. 2010 चा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ मुंबईच्या ट्राइन गेम्सचा. अशा खेळांचे सेव्ह परदेशातले कुणी जपून ठेवील ही अपेक्षा व्यर्थ आहे. सोनीने प्लेस्टेशन 3 साठी मेमरी कार्ड ॲडॅप्टर काढला होता. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्याला जुन्या कार्डाची खाच. त्यातून कार्डावरचे सेव्ह प्लेस्टेशन 3 मधल्या आभासी कार्डावर येतात आणि तिथून पेन ड्राइव्हवरच्या ‘एक्स्पोर्ट’ फोल्डरमध्ये. कार्डाचे संपर्क आधी कोरड्या कापडाने पुसून घ्यावेत. ॲडॅप्टर आता नवा मिळत नाही. जुन्या वस्तूंच्या बाजारात दिसला तर घ्यावा, आणि आपले काम झाल्यावर ज्याच्याकडे अजून कार्डे आहेत त्याला द्यावा.